सर्दी माझी, चौकशी गावाची

पुण्यात तोंड झाकायला कुणाची हरकत नसते. ते स्वतःसाठी झाकलेलं असावं, एवढीच अट आहे. ऊन लागतं म्हणून झाका. धूळ नाकात जाते म्हणून झाका. मित्राच्या गाडीवर मागे बसून खडकवासल्याला जाताना काकांनी ओळखू नये म्हणून झाका. कुणी ब्र काढणार नाही. उलट त्यासाठी लागणारे स्कार्फ फर्ग्युसन रस्त्यावर हव्या त्या रंगात मिळतील. दुचाकीवरच्या मुली डोळे तेवढे सोडून सगळा चेहरा ज्या सफाईने बांधतात, ती पाहून बाहेरगावच्या पाहुण्याला आधी चंबळ आठवतं आणि मग कळतं, की ही तर एम.कॉम.चा पेपर द्यायला चालली आहे. पण ‘मला सर्दी झालीय, ती तुम्हाला लागू नये म्हणून मास्क लावलाय’ असं एकदा सांगून पाहा. समोरचा आधी तुमच्याकडे बघतो, मग तुमच्या बायकोकडे बघतो आणि आवाज खाली आणून विचारतो, “खरं काय झालंय?”

ही खोड मला जपानमध्ये लागली. कंपनीने पाठवलं होतं, राहायला निशी-कसाईत होतो. टोकियोच्या एदोगावा भागातली ही वस्ती भारतीयांनी इतकी भरलेली, की तूरडाळीसाठी जीव टाकावा लागत नाही. 2019 मध्ये तर एदोगावाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक निवडूनही आले. जाण्याआधी पुण्यातल्या रिवाजाप्रमाणे जपानीचा क्लास केला होता. तिथे क्रियापदं शिकलो, साहेबापुढे किती वाकायचं आणि शिपायापुढे किती, तेही शिकलो. मास्कचं कुणी शिकवलं नव्हतं. ते पहिल्या हिवाळ्यात कळलं. समोरच्या टेबलावरचा सहकारी एका सोमवारी मास्क लावून आला. मी पुणेकर, त्यामुळे विचारलं. तो म्हणाला, थोडी सर्दी आहे, आणि माझी माफी मागितली. सर्दी त्याला, आणि माफी मागतोय माझी! पुढच्या आठवड्यात मास्क गेला. मधल्या काळात त्याला कुणी काढा सुचवला नाही. ‘आमच्या मेव्हण्याचंही असंच सर्दीपासून सुरू झालं होतं’ म्हणून मेव्हण्याचा शेवट सांगितला नाही. कोपऱ्यावरच्या रात्रभर उघड्या दुकानात भाताच्या गोळ्यांशेजारी मास्कची पाकिटं टांगलेली असतात. लागली की घ्यायची, लावायची, पुढे चालायचं.

तिकडचे सगळे संत आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. अर्धे मास्क तर देवदारासारख्या ‘सुगी’ नावाच्या झाडापायी असतात. महायुद्धानंतर सरकारने डोंगरच्या डोंगर या झाडांनी भरून टाकले आणि आता फेब्रुवारी संपत आला की त्यांचे पराग सुटतात व निम्मा देश शिंकतो. शिवाय मेकअप करायचा कंटाळा आला, दाढी राहिली, साहेबाशी बोलायचं नाही, अशा कारणांनीही लोक मास्क लावतात. 13 मार्च 2023 पासून सरकारनेच सांगून टाकलं, की लावायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. लोकांनी ठरवलं, आणि त्यानंतरही गाडीत मास्क दिसतच राहिले. चौकशी तेव्हाही कुणी केली नाही. मला खरं आकर्षण त्या चौकशी न करण्याचंच होतं.

मास्कवर शंका घेण्याची परंपरा तशी जुनी आहे. 1910-11 साली मांचुरियात फुफ्फुसाचा प्लेग पसरला, तेव्हा वू लिएन-तेह या तरुण डॉक्टरने सांगितलं, की हा आजार श्वासातून जातो, सबब सगळ्यांनी जाळीच्या कापडाचा मास्क बांधावा. तिथे आलेल्या मेस्नी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरला हे पोरकट वाटलं. तो मास्क न लावता रोग्यांमध्ये गेला आणि काही दिवसांतच प्लेगने वारला. तो पुणेकर नव्हता, पण होऊ शकला असता.

तर मी परत आलो. पुण्यात नोव्हेंबरात सकाळी स्वेटर आणि दुपारी उसाचा रस अशी हवा असते, त्यात व्हायची ती सर्दी झाली. मी मास्क लावला आणि खाली उतरलो. वॉचमनने खुर्चीतून उठून विचारलं, “साहेब, परत आला का तो?” मी म्हटलं, कोण? तो म्हणाला, “तोच, मागचा.” दूध घेऊन वर येईपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर ‘बी विंगमध्ये काही आहे का? सिनियर सिटिझन्सना कळवणं कमिटीची जबाबदारी आहे’ असा प्रश्न पडला होता. त्याखाली सतरा जोडलेले हात आणि हळदीच्या दुधाची कृती.

किराणा दुकानदार म्हणाला, “मास्क खाली घ्या, ऐकू येत नाही.” मी ‘पावशेर साबुदाणा’ मास्कमधूनच मोठ्याने सांगितलं. त्याने पावशेर साबुदाणा देताना स्वतः दोनदा शिंकून घेतलं, तोच हात पुडीला पुसला आणि मला दिलासा दिला, “काही होत नाही हो, हवाच तशी आहे.”

बँकेत दारावर ‘हेल्मेट व स्कार्फ काढून आत यावे’ अशी पाटी आहे. तिच्याखाली ‘मास्कशिवाय प्रवेश नाही’ या जुन्या पाटीचा अर्धा कागद अजून चिकटलेला आहे. ‘शिवाय प्रवेश नाही’ एवढंच वाचता येतं. सुरक्षारक्षकाने मला वरच्या पाटीकडे बोट दाखवलं. मी खालच्या पाटीकडे दाखवलं. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, “कॅमेऱ्याला तोंड दाखवा आणि मग परत लावा.” सगळ्या शहरात मला भेटलेला हा एकमेव सुज्ञ माणूस.

मावशीकडे साखरपुडा होता. तिने मला दारातच अडवलं. “आमच्या घरी येताना मास्क? एवढी घाण वाटते आमची?” मी म्हटलं, मावशी, मला सर्दी आहे, आत लहान मुलं आहेत, आजोबा आहेत. “मग घरी बसायचं!” बरं, म्हणून मी वळलो, तर तिचे डोळे भरून आले. “सख्खा भाचा असून नाही आला, असं व्याही म्हणतील.” शेवटी आत गेलो. फोटोसाठी मास्क काढायला लावला, पेढा भरवायला पुन्हा काढायला लावला, आणि आजोबांच्या पाया पडताना ‘तोंड दिसू दे रे त्यांना’ म्हणून तिसऱ्यांदा काढायला लावला. आजोबांनी जवळ ओढून गालावरून हात फिरवला. चार दिवसांनी आजोबांना सर्दी झाली. मावशीचं निदान असं, की त्यांनी आइस्क्रीम खाल्लं.

एक फायदा प्रामाणिकपणे सांगायला हवा. डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर जागा मिळत नाही, ती मिळू लागली. सगळे मोकळ्या तोंडाने खोकत बसलेले असतात. मी मास्क लावून टेकलो की दोन्हीकडची माणसं सरकून बसतात. न लावणाऱ्यांचा खोकला साधा आणि लावणाऱ्याचा गंभीर, असा समज पक्का आहे. कंपाउंडरही आधी नंबर लावतो, लवकर जावं म्हणून.

आता कुणी म्हणेल, पुण्याला या विषयातलं काय कळतं? सगळं कळतं, तेच तर दुखणं आहे. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था इथे 1952 पासून आहे. जगाला लस पुरवणारी सीरम हडपसरला आहे. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू 3 ऑगस्ट 2009 ला इथेच झाला, शाळेत जाणाऱ्या मुलीचा. त्या आठवड्यात शाळा बंद, मॉल बंद, नायडू रुग्णालयाबाहेर रांगा, मास्क मिळेनात आणि मिळाले तर दुकानदार म्हणेल त्या भावाने. ज्यांना मिळाले नाहीत ते रुमालावर निलगिरीचे थेंब टाकून फिरत होते. भीती खरी होती आणि शहर शहाणं झालं होतं. ते शहाणपण गणपतीच्या मिरवणुकीत गर्दीखाली गेलं. त्याच वर्षी पुणेरी पगडीला भौगोलिक मानांकन मिळालं. डोक्यावरचं टिकलं, तोंडावरचं सुटलं.

पुढे 9 मार्च 2020 ला राज्यातले पहिले करोनाबाधित पुण्यातच सापडले आणि मास्कला पाचशे रुपये दंडाचं पाठबळ आलं. त्या काळात मास्क हनुवटीला कायमचा राहायला आला. चौकात पोलीस दिसला की वर, चौक ओलांडला की खाली. बोलायचं असेल तर खाली, फोन आला तर खाली. शिंक आली तर हमखास खाली, कारण नाहीतर मास्क खराब होतो. 2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, मास्क ऐच्छिक झाला. ऐच्छिक विषयाचं पुढे काय होतं, ते शाळेत गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

त्या दिवसांत पुण्याला मनापासून आवडलेला एक मास्क होता, तो म्हणजे पुढे प्लास्टिकची चकती असलेला व्हॉल्व्हवाला. श्वास घेताना ती झडप मिटते आणि हवा गाळून आत येते. सोडताना झडप उघडते आणि आतलं सगळं न गाळता बाहेर जातं. घेताना पारखून, देताना जसंच्या तसं. जुलै 2020 मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने राज्यांना कळवलं, की हा मास्क लोकांनी वापरू नये, त्याने प्रसार थांबत नाही. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी ते परिपत्रक वाचून दाखवलं आणि म्हणाले, “प्रसाराचं ते बघतील. आपल्याला काही होत नाही ना?”

दुसऱ्यासाठी तोंड बांधणं आपल्याकडे नव्हतंच असं मात्र नाही. स्थानकवासी जैन साधू-साध्वी मुहपत्ती बांधतात, ती आपल्या श्वासाने हवेतल्या सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये म्हणून. पारशी धर्मगुरू अग्यारीत अग्नीसमोर जाताना तोंडावर पदान बांधतात, ते उच्छ्वासाने अग्नी विटाळू नये म्हणून. आमच्या आजीने नैवेद्याच्या खिरीशेजारी कुणाला खोकू दिलं नसतं. म्हणजे देव, अग्नी आणि डोळ्यांना न दिसणारे जीव, सगळ्यांची सोय झालेली आहे. या यादीत बसमध्ये आपल्याला खेटून उभा असलेला प्रवासी तेवढा घालायचा राहिला.

सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात हे विशेष जाणवतं. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर आपण ती अख्खी बाग उभी केली. तळं आलं, पूल आले, मासे आले, गवत कुठे तुडवायचं नाही हेही आलं. तिथे सकाळी चालताना मी मास्क लावला होता, तर एक गृहस्थ थांबून म्हणाले, “इथे कशाला? इथे शुद्ध हवा आहे.” मी म्हटलं, म्हणूनच. त्यांना तो उद्धटपणा वाटला असावा, कारण त्यांनी पुढच्या फेरीला ओळख दिली नाही.

पण कळस पाहायचा तर डिसेंबरात मुकुंदनगरला जावं. सवाई गंधर्व महोत्सव. भारतीय बैठकीवर मांडीला मांडी, वर थंडी. जमलेल्यांपैकी जे वयाने मोठे आहेत त्यांनी कानटोपी घातलेली, तिच्यावर मफलर, मफलरवर शाल. कानात वारा जाऊ नये, कानातूनच सर्दी होते हे घराघरांत सिद्ध झालेलं आहे. गाणं ऐकायला आलेला माणूस कान बांधून बसतो आणि तोंड उघडं ठेवतो. कलाकार तंबोऱ्यात सूर मिसळून पहिला षड्ज लावतो आणि त्याच क्षणी, इतका वेळ दाबून धरलेला खोकला मंडपाच्या चारी कोपऱ्यांतून सुटतो. माझ्या मागच्या काकांना मंद्रसप्तकातला खोकला होता. विलंबित संपेपर्यंत तो माझ्या मानेवर पडत होता. मध्यंतरात मी अत्यंत नम्रपणे खिशातलं नवं पाकीट पुढे करून विचारलं, “मास्क देऊ का?” काकांनी मफलर आवळला. “मला कशाला? मला काही संसर्गाची भीती नाही. तुम्ही लावलाय की!”

यावर उत्तर जपानीच्या क्लासमध्येही शिकवलेलं नव्हतं.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती. रस्त्यात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत कुणी मास्क लावलेला दिसला तर त्याला ‘काय झालं?’ विचारायला जवळ जाऊ नका, आणि मास्क तर अजिबात काढायला लावू नका. अगदी राहवलंच नाही तर लांबून विचारा. त्याला सर्दी झाली आहे.