उलटा कोपरा

ग्वाल्हेरच्या जयविलास महालात शिरलेला माणूस आधी मान वर करतो. दरबार हॉलमधली दोन झुंबरं, एकेक साडेतीन टनांचं. छताला हे ओझं पेलेल का, ते बघायला आधी वर हत्ती चढवले म्हणे. खाली हॉलभर पसरलेल्या गालिच्याकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. तो तुरुंगातल्या कैद्यांनी बारा वर्षं विणला, असं सांगतात. काहींची शिक्षा गालिच्याच्या आधीच संपली असणार.

माझी आत्या लष्करात असते. (सैन्यात नव्हे! दौलतराव शिंद्यांची छावणी पडली ते ग्वाल्हेरातलं लष्कर. हा खुलासा आम्हाला जन्मभर पुरतो.) माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात ती मला घेऊन गेली. गालिच्याच्या दुकानात तिनं नक्षीकडे पाहिलंसुद्धा नाही. कोपरा उचलून उलटा केला. "मागूनही फुलं स्वच्छ दिसली पाहिजेत. आणि गोंडे नंतर शिवलेले नकोत, ताण्याचेच हवेत."

कोपऱ्यात छोटा माग लावला होता. कारागिरानं ताण्याच्या दोन दोऱ्यांभोवती लोकर फिरवली, गाठ ओढली, सुरीनं शेपूट छाटलं. माझी पापणी लवेपर्यंत पुढची गाठ पडलेली. ओळ भरली की पंज्यानं ठोकायची. मी एक गाठ मारून पाहिली. त्यानं ती न बोलता सोडवली.

मी तिथंच हिशेब मांडला. चौरस इंचाला शंभर गाठी धरल्या, तरी सहा बाय चार फुटांत ३,४५,६०० गाठी. इराणपासून तुर्कस्तानापर्यंत किती घरांच्या चुली असल्या गाठींवर पेटतात! ग्वाल्हेरच्या या गालिच्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. किमतीचा आकडा ऐकून मी ओशाळलो, आणि तरीही तोंडातून सवयीनं निघालंच, "भैया, कुछ कम करो."

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्यानं पूर्ण पैसे मोजले.

आता तो गालिचा जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवलाय. त्यावर पाय ठेवायची कुणाची छाती होत नाही. आमच्याकडे आलात तर चहा मिळेल, पण सतरंजीवर बसून.