लेखी द्या!

अण्णांना भेटायचं असेल तर सकाळी साडेसहाला पार्किंगमध्ये यावं. साताऱ्यातल्या आमच्या सोसायटीत त्या वेळी दूधवाला येत असतो, रात्रपाळीचा वॉचमन जांभया देत असतो आणि बॉनेट उघडून अण्णा आत वाकलेले असतात. एका हातात जुन्या बनियनचं धुतलेलं फडकं, दुसऱ्या हातात डिपस्टिक. ती पुसायची, परत घालायची, बाहेर काढायची आणि चष्मा कपाळावर सरकवून उजेडाकडे धरायची. मग खिशातली वही निघते. तारीख, किलोमीटर, पातळी, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द असतो : घट.

अण्णा हयातभर लोकल फंड ऑडिटमध्ये होते. ग्रामपंचायतीच्या दिवाबत्तीच्या बिलात एक बल्ब जास्तीचा दिसला, तरी त्याचा परिच्छेद व्हायचा. त्याचं अनुपालन येईपर्यंत अण्णांना झोप नसे आणि ग्रामसेवकाला तर नसेच. निवृत्तीनंतर आक्षेप घ्यायला हाताशी काही उरलं नाही. सोसायटीचे हिशेब त्यांनी इतके स्वच्छ करून ठेवलेत, की आता खजिनदार व्हायला कुणी धजत नाही. अशा मोकळ्या काळात त्यांनी डिझेल गाडी घेतली आणि ती ऑइल खायला लागली. पत्रिका जुळवूनही इतकं नेमकं स्थळ मिळालं नसतं.

ही जमात तुमच्याही ओळखीची असेल. मिक्सरचं खोकं, आतल्या थर्माकोलसकट, वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवणारी. बँकेतल्या बाईंनी ‘होऊन जाईल काका’ म्हटलं की ‘कधी, ते लिहून द्या’ म्हणणारी. अण्णांनी तर एकदा फॅनचं वॉरंटी कार्ड खराब होऊ नये म्हणून लॅमिनेट करून घेतलं आणि मग लक्षात आलं, की दुकानाचा शिक्का मारायचा राहिलाय. त्या दुकानदाराने शेवटी वेगळं पत्र दिलं. तेही लॅमिनेट झालं.

गाडी घेताना मुलगा पुण्याहून कळकळीने सांगत होता, की तुमचं फिरणं मंडईपर्यंत, पेट्रोल घ्या. अण्णांनी प्रति किलोमीटर खर्चाचा तक्ता करून त्याला पाठवला आणि डिझेल घेतली. बीएस-सहा, तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. वॉरंटीची पुस्तिका त्यांनी गाडी घरी यायच्या आधीच वाचून काढली होती, महत्त्वाच्या ओळी लाल पेन्सिलीने अधोरेखित करून.

पहिला आक्षेप फेटाळला गेला. ऑइल दोनच आठवड्यांत काळं झालं, ही त्यांची तक्रार होती. डिझेल इंजिनात काजळी ऑइलमध्ये उतरते आणि ते लवकर काळं होतं, त्यात वावगं काही नाही. अण्णांनी हे मान्य केलं, पण ‘काळं’ म्हणून नोंद ठेवलीच.

दुसरा आक्षेप मात्र भक्कम होता. पहिल्या सर्व्हिसच्या पुष्कळ आधी पातळी वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर आली. या दोन खुणांच्या मध्ये बहुतेक गाड्यांत साधारण लिटरभर ऑइल असतं. ते गेलं कुठे? अण्णांनी आठवडाभर रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी पुठ्ठा कोरा. मग सोसायटीतल्या एका पोराला स्कूटरवरून गाडीच्या मागे खंबाटकीपर्यंत पिटाळलं, धुराचा रंग बघायला. काळा असेल तर डिझेल नीट जळत नाही, निळसर असेल तर ऑइल जळतंय. पोराने परत येऊन तोंडी अहवाल दिला, की धूर काही दिसला नाही, पण अण्णा चाळीसच्या वर जात नाहीत आणि मागून ट्रकवाले मला शिव्या देतात.

“माल जमा आहे, खर्ची पडल्याची नोंद नाही आणि शिल्लक जुळत नाही,” अण्णा म्हणाले. “आमच्याकडे याला अपहार म्हणतात.”

नाक्यावरच्या मिस्त्रीने दोन मिनिटांत निदान केलं. नव्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये फिल्टर असतो, धूर बराचसा तिथेच अडतो, डोळ्यांना दिसायचा नाही. आणि दुसरं म्हणजे, अण्णांनी गाडी पहिल्या दिवसापासून फार जपली. नव्या इंजिनाला थोडा लोड लागतो, थोडं पळवावं लागतं, म्हणजे रिंगा सिलिंडरच्या भिंतीला नीट बसतात. सारखं हळू हाकलं की ती भिंत काचेसारखी गुळगुळीत होते, तिच्यावर ऑइल राहतं आणि जळतं. नाहीतर ऑइलची रिंग कार्बनने जाम झाली असेल. नाहीतर टर्बोचं सील. नाहीतर व्हॉल्व्हचं. अण्णा भराभरा लिहून घेत होते. शेवटी त्यांनी वही मिस्त्रीपुढे धरली, “इथं सही करा.” मिस्त्री म्हणाला, “अण्णा, मी गॅरेज काढलंय, कोर्ट नाही.”

तिथून प्रकरण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलं. काचेचं दालन, फुकटची कॉफी आणि टाय लावलेला एक तरणा सर्व्हिस अॅडव्हायझर. बिचाऱ्याची नोकरीही नवीच होती.

“नॉर्मल आहे सर.”

“किती नॉर्मल?”

“हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंत चालतं सर.”

“लेखी द्या.”

अॅडव्हायझर हसला. तो विनोद नव्हता, हे त्याला पुढच्या पाऊण तासात कळलं.

अण्णांच्या वतीने एक सांगायला हवं. थोडं ऑइल प्रत्येक इंजिन खातं. पिस्टन वरखाली होताना सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर राहावाच लागतो, नाहीतर लोखंड लोखंडाला खाईल. त्या थरातलं थोडं जळणारच. काही कंपन्या आपल्या पुस्तकात हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतची मुभा स्वतःच छापतात. म्हणजे ‘नॉर्मल’ हा शब्द खोटा नाही. पण तो काउंटरवर तोंडी फिरतो, समोरचं गिऱ्हाईक बघून ताणतो आणि त्याखाली सही कुणाचीच नसते. तोंडी नॉर्मलला ऑडिटर तरी काय करणार?

अण्णांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातलं पुस्तक आणलं आणि खूण घातलेलं पान उघडलं. तिथे अर्धा लिटर लिहिलं होतं. अॅडव्हायझरने ते पान बहुधा पहिल्यांदाच पाहिलं.

मग जॉबकार्ड. त्यात तक्रारीच्या रकान्यात पोराने सवयीने ‘जनरल चेकअप’ टाइप केलं. या ठिकाणी अण्णांमधला माणूस मागे सरला आणि लोकल फंड पुढे आला. वॉरंटी उद्या संपली तर हातात काय राहणार? मुदतीत तक्रार केली होती, याचा पुरावा म्हणजे हे जॉबकार्ड. त्यावर ‘जनरल चेकअप’ असेल तर तुमची गाडी ऑइल खात होती हे कुणाला माहीत? अण्णांनी मजकूर स्वतः सांगितला, स्वल्पविरामांसह. ‘इंजिन ऑइलचा वापर अवाजवी, पुस्तिकेतील मर्यादेपेक्षा अधिक, बाह्य गळती आढळत नाही, सबब तपासणी व्हावी.’ ‘सबब’ टाइप करताना पोराने दोनदा वर पाहिलं. आमच्या साताऱ्यातल्या मोटारींच्या इतिहासात ‘सबब’ असलेलं हे एकमेव जॉबकार्ड असावं.

ऑइलच्या चाचणीचं ठरलं. जुनं ऑइल पूर्ण काढून, नवा फिल्टर घालून, मोजून नवं भरलं. ड्रेन प्लग, वरचं झाकण आणि डिपस्टिक, तिन्हींवर पिवळ्या रंगाच्या खुणा करून सील मारलं. आता हजार किलोमीटर चालवून आणा, मग काढून मोजू. प्रक्रिया अण्णांना पसंत पडली. फक्त एकच अडचण झाली. डिपस्टिकला सील! दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ते फडकं घेऊन खाली आले, बॉनेट उघडलं, सीलकडे बघत उभे राहिले आणि फडक्याने बॅटरी पुसून वर गेले. काकू म्हणाल्या, त्या आठवड्यात त्यांनी घरातले सगळे स्विचबोर्ड पुसले. डॅशबोर्डवर तेलाच्या कुपीचा लाल दिवा आहे की, असं मी त्यांना धीर द्यायला म्हटलं. अण्णांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. तो दिवा दाबाचा असतो, पातळीचा नव्हे. तो लागतो तेव्हा पंचनाम्याचीच वेळ आलेली असते.

हजार किलोमीटर करायचे तर मंडईच्या फेऱ्यांनी वर्ष गेलं असतं. अण्णांनी काकूंना आणि सासूबाईंना घेऊन पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर अशी यात्रा काढली. काकूंची ही इच्छा लग्नापासूनची होती. ती गाडीच्या रिंगांनी पुरी केली. प्रत्येक देवळाबाहेर सासूबाई दर्शनाला आत आणि अण्णा गाडीखाली वाकून ड्रेन प्लगचा पिवळा रंग शाबूत आहे का ते बघतायत. परत आल्यावर काटा कमी पडला. तेव्हा अंबाबाईला नवस बोलल्याचं काकूंना अचानक आठवलं. कोल्हापूर जाऊन-येऊन अडीचशेच्या घरात जातं, असं त्या मला हसत म्हणाल्या.

निकाल आला : हजारला ६८० मिलिलिटर. अॅडव्हायझर म्हणाला, “सर, अजून एकदा टेस्ट घेऊ या.” काकू तयार होत्या, त्यांचं शेगाव राहिलं होतं. पण अण्णांनी पिशवीतून दुसरी फाइल काढली. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. ५० लाखांपर्यंतचा मामला जिल्हा आयोगाकडे नेता येतो. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नसेल तर कलम ३८ खाली आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. आवाज न चढवता त्यांनी हे सगळं वाचून दाखवलं. शिवाय ग्राहक पंचायत पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी सुरू केली, म्हणजे ही चळवळ शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचीच आहे, हेही सुचवून ठेवलं. नोटिशीचा मसुदा पाचव्या खर्ड्यावर होता. तो त्यांनी फक्त टेबलावर ठेवला, दिला नाही. ऑडिटर मंडळींना या ठेवण्याची ताकद ठाऊक असते.

रिजनल ऑफिसचा इंजिनियर येईपर्यंतचे दिवस अण्णांनी वाचनात घालवले. डिझेल इंजिनाविषयी मिळेल ते वाचलं. थेट रुडॉल्फ डिझेलपर्यंत गेले. हा गृहस्थ २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला निघालेल्या बोटीवरून नाहीसा झाला. दहा-बारा दिवसांनी समुद्रात प्रेत सापडलं, पण तो पाण्यात कसा गेला हे आजवर नक्की ठरलेलं नाही. अण्णांनी माझ्या घरी येऊन हे गंभीरपणे सांगितलं आणि वर म्हणाले, “रात्री होता, सकाळी नव्हता. गळतीची खूण नाही. इंजिन त्याच्यावर गेलंय.”

इंजिन उतरवलं. मिस्त्रीचं दुसरं निदान बरोबर निघालं, ऑइलची रिंग कार्बनने जाम. पिस्टन-रिंगा वॉरंटीत बदलल्या. अण्णांनी जुन्या रिंगा परत मागितल्या. वॉरंटीत बदललेले पार्ट कंपनीकडे जमा होतात, असं कळल्यावर त्यांनी रिंगांची पोच घेतली. मग बिल आलं. सगळं शून्य, फक्त एक ओळ सोडून : इंजिन ऑइल. “ते कन्झ्युमेबल आहे सर, वॉरंटीत येत नाही.” इतके दिवस ज्या ऑइलवरून रण माजलं, तेच तेवढं अण्णांच्या खिशातून! ब्रेक पॅड, क्लच, ऑइल, फिल्टर या गोष्टी वॉरंटीत नसतात, हे खरं. पण अण्णांच्या पुस्तिकेत त्याच कलमाच्या शेवटी लाल पेन्सिलीने अधोरेखित केलेलं एक उपवाक्य होतं : वॉरंटीच्या दुरुस्तीसाठी लागणारं ऑइल वगळून. बिल शून्याचं झालं. शून्याच्या बिलाची पावती अण्णांनी दोन प्रतींत घेतली.

आता सगळं मिटायला हवं होतं. पण नवीन रिंगांवर नजर ठेवायला हवीच ना! अण्णा मंडईला जाताना पोवई नाक्यापुढे सावलीत गाडी लावत, इंजिन बंद करत, दहा मिनिटं थांबत आणि पट्टी बघत. येताना पुन्हा. महिन्याभरात वहीत अपूर्व नोंद पडली : वाढ. पातळी वरच्या खुणेच्याही वर!

अॅडव्हायझरने त्यांना दारातून येताना पाहिलं आणि खुर्ची पुढे केली. त्याने समजावून सांगितलं. सायलेन्सरमधल्या फिल्टरमध्ये काजळी साठते. ती जाळायला गाडी स्वतःहून जास्तीचं डिझेल सोडते आणि पंधरा-वीस मिनिटं सलग चालत राहिली तर काम पुरं होतं. मध्येच इंजिन बंद केलं, की न जळालेलं डिझेल रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. पातळी वाढते, ऑइल पातळ होतं आणि हे घटण्याइतकंच वाईट. “सर, तुम्ही ऑइल बघायला सारखी गाडी बंद करता, म्हणून ऑइल वाढतंय. हायवेला काढा, अर्धा तास पळवा.”

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. पोराने आपण होऊन जॉबकार्ड उघडलं, तक्रारीच्या रकान्यात मजकूर टाइप केला, शेवटी ‘सबब’ घातलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. मग ऑइल बदललं आणि जुन्यातलं थोडं एका स्वच्छ बाटलीत भरून त्यांच्या हाती दिलं, हे कंपनीला जमा होत नाही म्हणून. अण्णांनी बाटली उजेडाकडे धरली, हलवली, नाकाशी नेली.

“यात डिझेल किती आणि ऑइल किती?”

पोराने उत्तर द्यायच्या आधी ड्रॉवर उघडून लेटरहेड काढलं.