बॅटरीले ताण

शेंदूरजनाघाटच्या माणसाला जगातली कुठलीही वस्तू दाखवा, तो आधी तिचा खुंट कोणता ते विचारतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या हद्दीला खेटून असलेलं वरुड तालुक्यातलं हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी ओळखलं जातं. जंभेरीचं रोप वाढवायचं, तो झाला खुंट, त्यावर संत्र्याचा डोळा बांधायचा आणि तयार कलम गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधायचं. इथं मुलगी बघायला आलेली मंडळीसुद्धा जाताना दोनशे कलमांचा सौदा करून जातात. मुलीचं मागाहून कळवतात.

आमचे काकाजी या शास्त्रातले अधिकारी पुरुष. झाडाच्या बाबतीत त्यांचा शब्द खाली पडल्याचं कुणाला आठवत नाही. भानगड सुरू झाली ती त्यांनी नर्सरीतून कलमांचे गठ्ठे आणि शेणखत वाहायला बॅटरीवाली गाडी घेतली तेव्हापासून. तीन चाकं, मागे हौदा, आणि सीटखाली बारा-बारा व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या. घरात बारावी सायन्सपर्यंत मजल मारलेला मी एकटाच, त्यामुळे गाडीचं शास्त्र माझ्याकडे आणि गाडी काकाजींकडे अशी वाटणी आपोआप झाली.

मी शास्त्र सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, काकाजी, २०१४ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारनं असल्या गाड्यांचे नियम केले आणि २०१५ साली मोटार वाहन कायद्यातच दुरुस्ती झाली. मालवाहू ई-कार्टला ३१० किलो माल आणि ताशी २५ किलोमीटरचा वेग, एवढी मर्यादा. त्याच्याही कितीतरी आधी आपल्या फलटणला, निंबकर कृषी संशोधन संस्थेत, अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षाला मोटर आणि बॅटरी लावून विजेची रिक्षा केली होती.

"फलटणले संत्रा होते का?"

"नाही. ऊस होतो, डाळिंब होते."

"मंग राहू दे."

मी आणखी मागे गेलो. लेड-ॲसिड बॅटरी १८५९ सालची, गास्ताँ प्लाँते या फ्रेंच माणसानं काढलेली. १८९९ साली कामी जेनात्झी नावाच्या बेल्जियन गड्यानं असल्याच बॅटऱ्यांवर मोटार हाकून पॅरिसजवळ ताशी १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. आणि आपण अजून पंचवीसवर!

काकाजींनी शांतपणे विचारलं, "त्याच्या गाडीत शेनखत होतं का?"

यावर जेनात्झीकडेही उत्तर नसतं.

खरा घोळ पाण्यावरून झाला. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात नि उडून जातात. ॲसिड मागे राहतं. वऱ्हाडातल्या चव्वेचाळीस अंशांत तर हा कारभार दुप्पट वेगानं चालतो. म्हणून झाकणं उघडून अधूनमधून डिस्टिल वॉटर टाकावं लागतं. हे मी काकाजींना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"बाबू, तान द्या लागते. रोज पानी पाजलं का झाड माजते. फय देत नाई."

ज्यांना संत्र्याचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मृग बहर धरायचा तर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडतात. झाड मलूल होतं, पानं गळू लागतात, आणि मग पावसाळ्याच्या तोंडाला पाणी मिळालं की अंगभर फुटतं. याला ताण देणं म्हणतात. किती ताण द्यावा हे काकाजींना पानाच्या वळण्यावरून समजतं. बॅटरीला पानं नसल्यामुळे त्यांनी अंदाजानं दिला. आख्खा उन्हाळा दिला.

आत प्लेटा उघड्या पडल्या. प्लेटीचा जो भाग ॲसिडच्या बाहेर राहिला तो वाळला तो वाळलाच. मृगाच्या पावसाची वाट बघत बसण्याची त्याच्याकडे सोय नसते. पण काकाजींचं वेळापत्रक ठरलेलं होतं. आभाळ भरून आलं त्या दिवशी त्यांनी बहर फोडायचं ठरवलं आणि कूलरच्या टाकीतलं पाणी मगानं काढून चोवीसही भोकांत ओतलं. कूलरच्या गवतावर क्षारांचा पांढरा थर धरतो तो ज्या पाण्यानं, तेच हे पाणी.

बहर काही फुटला नाही. आधी दिवसभर चालणारी गाडी दुपारीच मान टाकू लागली. गावाबाहेरच्या चढावर तर ती अशी थांबायची की मागून ढकलणाऱ्यालाच ओढून नेत असल्याचा भास व्हावा. गावानं आपापली निदानं केली. एकानं चार्जर बदलायला सांगितलं, एकानं ड्रायव्हर. शेजाऱ्यांनी दृष्ट काढून लिंबू-मिरची बांधली. काकाजींनी लिंबू हुंगलं आणि ते कागदी नसल्याचं सांगून उपाय बाद केला.

शेवटी वरुडहून मिस्त्री आला. त्यानं सीट उचलली. टर्मिनलांवर निळसर-हिरवट पीठ फुललेलं होतं. काकाजींचा चेहरा खुलला.

"बोर्डो लावला का बे कोनी?"

गंमत म्हणजे त्यांचं अगदीच चुकलं नव्हतं. बोर्डो मलमात मोरचूद आणि चुना असतो, आणि टर्मिनलवर ॲसिडची वाफ तांब्याला खाते तेव्हा जे पिकतं ते मोरचूदच. फरक इतकाच की झाडाला तो डिंक्या होऊ नये म्हणून लावतात. इथं मोरचूद हाच रोग होता. मिस्त्रीनं गरम पाण्यात खायचा सोडा कालवून ओतला. फसफस झाली, निळं पाणी वाहून गेलं, आणि खाली कुरतडलेलं टर्मिनल दिसलं.

मग त्यानं मीटर लावला. तीन बॅटऱ्या साडेबाराच्या आसपास. चौथी साडेदहा. "एक सेल गेला," तो म्हणाला. एका बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे सहा सेल असतात. एक बसला की दोन व्होल्ट कमी. खात्रीसाठी त्यानं काचेचा हायड्रोमीटर काढला आणि एकेका भोकातून ॲसिड ओढून ग्रॅव्हिटी वाचू लागला. भरलेल्या सेलमध्ये पाण्याच्या सव्वापट जड ॲसिड असतं, तरंगता काटा बाराशेच्या बराच वर उभा राहतो. पाच सेल बाराशेच्या आगेमागे घुटमळले. सहाव्यात काटा तळाला जाऊन बसला. तिथं बॅटरीचं ॲसिड नव्हतंच, कूलरचं पाणी होतं.

"मंग एकच मेली ना?" काकाजी म्हणाले. "एक नवी टाक. जुना खुंट, नवा डोया. आमचा रोजचा धंदा आहे तो."

मिस्त्रीही वरुड तालुक्यातलाच. त्याला कोणत्या भाषेत बोलायचं ते बरोबर समजलं. "काकाजी, कलमात रस खालून वर जाते. इथं चाऱ्ही एकामागं एक बांधल्या, करंट एकच. चार्जर चौघीची बेरीज पाह्यते, एकेकीले विचारत नाई. जुनी लवकर भरते अन् उकळत बसते, नवी अर्धपोटी राह्यते. सहा महिन्यांत नवीबी जुनी."

काकाजी बराच वेळ विचार करत राहिले. "मंजे जोड लागते, पन जगत नाई," ते म्हणाले. पराभव मान्य करण्याची त्यांची हीच पद्धत.

चारही बदलायचं ठरलं. एकेक बॅटरी तीस किलोच्या घरातली, म्हणजे गाडी सव्वा क्विंटल ओझं नुसतं स्वतःला चालवायला वाहत होती. मिस्त्रीनं पान्याच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि काकाजींना बोटातली अंगठी काढायला सांगितली. दोन टर्मिनलांच्या मध्ये धातू अडकला तर तो क्षणात लाल होतो. अंगठी गुरूची, पुष्कराजाची. काकाजींनी ती काढायला साफ नकार दिला. तेव्हा मिस्त्रीनं त्यांना गुरूसकट दहा फुटांवर, गोठ्याच्या दाराशी उभं केलं. आधी ऋण टोक सोडायचं, मग बाकीचं; वायरींचा फोटो मी मोबाइलमध्ये घेऊन ठेवला. काकाजींचा फोटोवर विश्वास नव्हता. त्यांनी लांबून सूचना देऊन प्रत्येक वायरला कलमाच्या जातीची बांधतात तशी चिठ्ठी सुतळीनं बांधून घेतली.

जुन्या बॅटऱ्या खाली उतरल्या आणि काकाजींना नवा विचार सुचला. आपली जमीन चुनखडीची, पानं पिवळी पडतात. आत एवढं आंबट पाणी फुकट मिळतंय, तर आळ्यात ओतून टाकू! या वेळी मिस्त्रीचा आवाज चढला. "त्यात शिसं असते काकाजी! वावरात गेलं का निंगत नाई. लेकराच्या मेंदूले लागते." काकाजींनी हातातली बादली गुपचूप उपडी घातली आणि तिच्यावरच बसले.

तेवढ्यात वासावर भंगारवाला आला. भाव दोन पैसे जास्त देतो म्हणाला, पण ॲसिड इथंच नालीत रिकामं करून मगच वजन. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी गोळा करून नोंदणीच्या कारखान्यापर्यंत पोचवायची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली आहे. म्हणून आम्ही त्या दुकानातच, नव्यांच्या बदल्यात दिल्या. दुकानदारानंही ॲसिडचं वजन वजा धरलं, तेव्हा मात्र काकाजी उसळले. आयुष्यभर संत्र्याच्या व्यापाऱ्यांशी काटा धरून भांडलेला माणूस.

"आमच्या फयाचा भाव रसासकट होते. तुमच्या इथं रस वजा काहून?"

दुकानदाराला यावर काही सुचेना. त्यानं डिस्टिल वॉटरचा पाच लिटरचा कॅन फुकट देऊन सुटका करून घेतली.

आता पाणी मोजून, खुणेपर्यंत, चार्जिंग झाल्यावर पडतं. कलमं घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना खुंटाबरोबर ग्रॅव्हिटीवरही प्रवचन मिळतं. परवा मी सुचवलं की पुढच्या खेपेला लिथियमची घेऊ. महाग पडेल, पण वजन निम्म्याहून कमी, आयुष्य कितीतरी पट, आणि पाण्याचा थेंब टाकावा लागत नाही. वरुड तालुक्यात भूजल उपसून उपसून संपत आलंय, बोअर शेकडो फूट खाली गेल्या तरी नुसता फुफाटा येतो. इथं पाणी न मागणारी वस्तू म्हणजे देवच पावला, असं मला वाटत होतं.

काकाजींनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. "पानी मांगतच नाई?"

"नाही."

"मंग घेऊ नको बाबू. जे पानी मांगत नाई, ते झाड प्लास्टिकचं असते."