काळ्या पिशवीत पिवळा कचरा भरणाऱ्यास

डॉक्टरसाहेब,

लालबागच्या आमच्या गल्लीतलं नर्सिंग होम तुमचं. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखालच. बुधवारी पहाटे म्युनिसिपालटीच्या मावशींनी तुमची काळी पिशवी उचलली आणि ती बुडातून फाटली. लघवीची अर्धी भरलेली युरोबॅग, नळीसकट. पुवाने चिकटलेलं गॉझ. आणि कटरमध्ये न तोडलेली एक सुई, जी हातमोज्यातून थेट मावशींच्या तळहातात गेली.

परळला वॉर्डात सिस्टर म्हणून माझी तीस वर्षं गेली. गॉझ पिवळ्या पिशवीत, नळ्या लालमध्ये, सुया पांढऱ्या डब्यात. २०१६चे नियम आहेत, तुम्हाला पाठ असतील. या रंगीत पिशव्या उचलण्याचे पैसे पडतात, तेवढेच तुम्ही वाचवलेत.

आणि तुमची हायपोची, म्हणजे जंतुनाशक क्लोरीनच्या पाण्याची बादली! तुमच्याकडे काम सोडलेली मुलगी सांगते, पाणी तीन-तीन दिवस तेच. अहो, रक्त पडलं की क्लोरीन त्यातच खर्च होतो. उरतं ते गढूळ, वास गेलेलं पाणी. त्यात जंतू मरत नाहीत, नुसता मार खातात. तुम्ही जंतूंची तालीम काढली आहे. टिकतात ते चिवट. काहींच्या अंगात औषध बाहेर उपसून टाकणारे पंपच असतात, जंतुनाशकही उपसतात आणि काही अँटिबायोटिकंही. पुढे गटारात तीच जनुकं ते शेजारच्या जंतूला देऊन टाकतात.

मेरोपेनेम हे अँटिबायोटिक आम्ही बाकी सगळं हरल्यावर काढायचो. २००९मध्ये ऑगस्ट ते नोव्हेंबर माहीमच्या हिंदुजा हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी त्या जातीच्या औषधांना न जुमानणारे २४ जंतू तपासले. २२ जणांत एनडीएम-१ निघालं, म्हणजे ही औषधंच तोडून टाकणारं एन्झाइम. हे त्यांनी २०१०मध्ये छापलं. तेव्हापासून कुठल्याही डॉक्टरला 'माहीत नव्हतं' म्हणायची सोय नाही.

बेडसोर झालेल्या एका आजींचा रिपोर्ट मला अजून दिसतो. वरपासून खालपर्यंत 'आर', 'आर', 'आर', म्हणजे रेझिस्टंट. शेवटी फक्त कोलिस्टिन, तेही किडनीवर जाणारं. मुलगा विचारत होता, "सिस्टर, दुसरं काहीच नाही?" मी त्याच्याकडे बघू शकले नाही.

बादली रोज बदला. पिशव्या वेगळ्या करा. मावशींचा केसपेपर मी काढला, इंजेक्शन दिलं. सहा महिने त्यांचं रक्त तपासायचं आहे. दर खेपेला रांगेत त्यांच्या शेजारी तुम्ही उभं राहायचं.