कढलं उभं राहील अशी शेगडी

एडिसन, न्यू जर्सी

ती. सौ. आई आणि ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

शेगडी घेतली. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर समीर मध्येमध्ये बोलतो आणि सगळी हकीकत त्याच्या पराक्रमाची होऊन बसते. म्हणून पत्र.

आधी बाबांसाठी. ‘इथून चार बर्नरची शेगडी बॅगेत घालून आणतो, वजनात सहज बसते’ ही तुमची सूचना नाइलाजाने नामंजूर झाली आहे. कोथरूडला पाइपचा गॅस आला तेव्हा तो माणूस शेगडी उलटी करून जेट बदलून गेला होता आणि तुम्ही जुने जेट ‘असू देत, लागतात’ म्हणून खिळ्यांच्या डब्यात ठेवलेत, आठवतंय ना? अडचण तीच आहे. सिलिंडरच्या गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानाच्या पाइपच्या गॅसपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता असते, म्हणून त्याच्या जेटचं भोक बारीक. ती शेगडी इथल्या पाइपला जोडली तर चहाला उकळी येईपर्यंत तुमची परतीची तारीख येईल. (जुने जेट मात्र अजून लागलेले नाहीत, हे नम्रपणे नमूद करते.)

आता आई, तुमच्यासाठी. इकडे शेगडी म्हणजे ओट्यावर ठेवायची वस्तू नाही. ते खाली ओव्हन असलेलं अख्खं कपाट असतं. रुंदी ३० इंच, उंची ३६ इंच, आणि घरंही त्याच मापाने बांधलेली. तुमच्या उंचीला ३६ इंच जास्त होणार हे समीरच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं; पाट काढून ठेवला आहे. ओव्हनमध्ये केक होतो असं पुस्तकात लिहिलं आहे. आमच्या ओळखीच्या मराठी घरांत तरी त्यात कढया, आप्पेपात्र आणि पुरणयंत्र राहतं. ते सगळं बाहेर काढायच्या कंटाळ्याने केक बाहेरूनच येतो.

खरा वाद झाला गॅस की इंडक्शन यावर. इथल्या जुन्या मालकांची विजेवरची काचेची शेगडी होती. ती तापायला वेळ लावते आणि बंद केल्यावरही तापलेलीच राहते, त्यामुळे दूध हमखास उतू जातं. ती काढायचीच होती. समीर म्हणाला, आता इंडक्शनचा जमाना आहे, धूर नाही, ज्योत नाही. मी फ्रिजवरचा लोहचुंबक काढून त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, आपल्या भांड्यांना लावून बघ. हिंडालियमच्या कुकरला चिकटला नाही. ॲल्युमिनियमच्या कढईला नाही. तांब्याच्या बुडाच्या पातेल्याला नाही, स्टीलच्याही निम्म्या भांड्यांना नाही. लोखंडी तवा, बिडाचं आप्पेपात्र आणि उरलेलं निम्मं स्टील, एवढ्यांनीच त्याची बाजू घेतली. लग्नातली भांडी मोडीत काढून शेगडी घ्यायची नाही, हे तिथेच ठरलं.

पण त्याच्या बाजूलाही तथ्य होतं, ते नाकारत नाही. इथे गॅसच्या शेगडीवरून चक्क राजकारण झालं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीने २०१९ मध्ये नव्या इमारतींना गॅसची जोडणीच द्यायची नाही असं ठरवलं आणि २०२३ मध्ये वरच्या कोर्टाने ते मोडीत काढलं. त्याच वर्षी जानेवारीत, ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाचे एक सदस्य रिचर्ड ट्रुम्का ज्युनियर यांनी गॅसच्या शेगडीला घरातला छुपा धोका ठरवलं आणि बंदीही घालता येऊ शकते असं सुचवलं. मग काय विचारता! देशभर आरडाओरडा. आयोगाच्या अध्यक्षांना दोनच दिवसांत खुलासा करावा लागला की आम्ही बंदी घालायला निघालेलो नाही. वादाचं मूळ असं, की गॅस जळताना नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो आणि तो दम्याला, विशेषतः लहान मुलांच्या दम्याला, चांगला नाही. चिनूचा हिवाळ्यातला खोकला तुम्हाला माहीतच आहे. म्हणून मी गॅसचा हट्ट धरला तो धूर बाहेर टाकायचा पंखा बसवायच्या अटीवर. त्याबद्दल पुढे सांगते.

निकाल मात्र शेजारच्या पटेलकाकूंनी लावला. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सँडी वादळ आलं तेव्हा न्यू जर्सीत लाखो घरांची वीज गेली आणि कित्येक ठिकाणी आठवडाभर आलीच नाही. काकूंकडे गॅस होता. वीज नसल्यामुळे खटका पेटत नव्हता, पण काडी लावली की वरचे बर्नर पेटत होते. अख्खी गल्ली त्यांच्याकडे खिचडी खायला. समीर खिचडीच्या गोष्टीने नेहमीच विरघळतो.

मग दुकान. आई, इथे शेगडी पेटवून दाखवत नाहीत. दुकानात गॅसच जोडलेला नसतो. आपण नुसत्या चाव्या फिरवायच्या आणि मान डोलवायची. म्हणून मी पिशवीतून कुकर, तवा आणि फोडणीचं कढलं घेऊन गेले. समीर शेजारच्या फ्रिजच्या रांगेत जाऊन उभा राहिला, जणू आम्ही एकमेकांना ओळखतच नाही.

विक्रेता मुलगा गुणी होता, पण त्याला एकच आकडा पाठ. ‘अठरा हजार बीटीयू, मॅडम!’ बीटीयू हे उष्णतेचं इंग्रजी माप. तासाला साधारण ३,४०० म्हणजे एक किलोवॅट, तेव्हा अठरा हजार म्हणजे एका बर्नरवर पाचेक इस्त्र्या एकदम. समीर लगेच फ्रिजच्या रांगेतून परत आला. पुरुषांना मोठा आकडा लांबूनही ऐकू येतो. मी विचारलं, ‘आणि सगळ्यात बारीक किती होतो?’ त्या मुलाला हा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नसावा. त्याने पुस्तिका चाळली, मॅनेजरला हाक मारली. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे अठरा हजार लागतात कुणाला? पाणी तापवायला आणि फार तर पुऱ्या तळायला. बाकी आपला सगळा स्वयंपाक बारीक गॅसवर. पुरण घोटायचं बारीक गॅसवर, तुपासाठी लोणी कढवायचं बारीक गॅसवर, बेसन भाजायचं बारीक गॅसवर, भाताला वाफ आणायची बारीक गॅसवर. मोठ्या ज्योतीची जाहिरात होते, बारीक ज्योत चांगली असेल तरच लाडू होतात. शेवटी एका शेगडीत मागच्या बाजूला पाच हजारांचा छोटा बर्नर मिळाला. तो अगदी मंद होतो आणि तरी विझत नाही, असं मॅनेजर छातीवर हात ठेवून म्हणाला.

मग मी भांडी मांडली. कुकर बसला. तवा बसला. दोन्ही शेजारी ठेवले तर मधल्या पाचव्या बर्नरवर काही मावेना, म्हणजे पाच बर्नर ही शोभेची बाब आहे, हे समीरला दाखवून दिलं. आणि कढलं! वरची बिडाची जाळी मोठमोठ्या तव्यांसाठी केलेली. तिच्या दांड्यांमध्ये एवढी फट, की आपलं कढलं त्यात कलंडून आडवं झालं. मुलाने विचारलं, ‘हे काय आहे?’ म्हटलं, ‘यात तेल तापवून मोहरी टाकतात.’ ‘आणि मग?’ ‘मग ते दुसऱ्या भांड्यात ओततात.’ त्याने सहानुभूतीने मान हलवली. मी कढलं घेऊन रांगेतल्या प्रत्येक शेगडीवर ठेवत गेले. ज्या शेगडीवर ते त्यातल्या त्यात कमी डुगडुगलं, आणि जिला तो पाच हजारांचा बर्नरही होता, ती घेतली. किंमत सांगत नाही. बाबा रुपयांत गुणाकार करतील.

आता पंखा. इथे पुष्कळ घरांत शेगडीच्या वर मायक्रोवेव्ह टांगलेला असतो आणि त्याच्याच पोटात पंखा. त्यातले बरेच पंखे धूर ओढतात, कोळशाच्या जाळीतून गाळतात आणि आपल्याच तोंडावर सोडतात. मिरचीची फोडणी पडली की घरातले धुराचे सगळे भोंगे एकदम बोंबलतात, कारण ते एकमेकांना जोडलेले असतात. चिनू टॉवेल घेऊन पळतो. आमच्या घरात फोडणी हा दोघांचा उद्योग झाला होता. म्हणून मायक्रोवेव्ह खाली उतरवला आणि भिंतीतून थेट बाहेर हवा टाकणारा पंखा लावला. मिनिटाला ४०० घनफूटवाला घेतला. याहून मोठा घेतला तर बाहेरून ताजी हवा आत आणायची वेगळी सोय करावी लागते, असा बांधकामाचा नियम आहे. पहिल्याच दिवशी ठेचा केला. भोंगे गप्प. आता हिंगाचा वास घरात न राहता पटेलकाकूंच्या अंगणात जातो आणि तासाभराने त्या वाटी घेऊन येतात.

गॅसची नळी स्वयंपाकघरापर्यंत नव्हतीच. ती तळघरात पाणी तापवायच्या टाकीपाशी संपत होती. ती वाढवायला परवानाधारक प्लंबर, गावच्या कचेरीची परवानगी, मग नळीत हवेचा दाब भरून इन्स्पेक्टरची तपासणी. एवढं झाल्यावर सांधे तपासायला प्लंबरने काय काढलं असेल? साबणाचं पाणी! बाबांची हीच पद्धत. शेगडीहून नळी महाग पडली, हे मात्र बाबांना सांगू नका.

एक सूचना, हसू नका. ओव्हनचं दार उघडं असताना त्यावर कोणी बसायचं वा चढायचं नाही. पुढे भार आला की अख्खी शेगडी उलटते. म्हणून तिचा मागचा पाय अडकवायला भिंतीला किंवा जमिनीला एक लोखंडी पट्टी मारतात, १९९१ पासून तसं मानकच आहे. आमच्याकडे प्लंबर ती पट्टी खोक्यातच विसरून निघाला होता, मी जिन्यावरून परत बोलावला.

पोळी छान फुगते. वांगं थेट ज्योतीवर भाजता येतं, साल काळी करून, आणि नंतर ती जाळी घासायचं काम समीरकडे आहे.

तर मे महिन्यात येताना लाडू, पापड, मेतकूट काही कमी आणलंत तरी चालेल. पण बोहरी आळीत जाऊन पापड भाजायची चौकोनी जाळी नक्की आणा, बारीक विणीची, म्हणजे तिच्यावर कढलं उभं राहील. दोन आणा, एक पटेलकाकूंना हवी आहे. आणि बाबांना सांगा, खिळ्यांचा डबा तिथेच राहू द्या.

आपली,
सौ. मधुरा