‘ओके’चा घरगुती वापर : एक मार्गदर्शिका

प्रस्तुत मार्गदर्शिका इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी लिहिलेली नाही. ज्यांना उठताबसता ‘ओके’ असं उत्तर मिळतं आणि तरीही ज्यांचं एक काम होत नाही, अशा समस्त पीडितांसाठी ती आहे. उदाहरणं एकाच घरातली, किंबहुना एकाच माणसाची आहेत. त्यांचं नाव घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून ‘हे’ एवढंच म्हणते.

आधी व्युत्पत्ती, कारण तिच्याशिवाय मार्गदर्शिकेला वजन येत नाही. २३ मार्च १८३९च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ‘ओ. के.’ छापून आलं. तेव्हा तिकडच्या टवाळ मंडळींना मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं वापरायचा नाद लागला होता. ‘ऑल करेक्ट’मधल्या ‘ए’चा ‘ओ’ केला, ‘सी’चा ‘के’ केला. थोडक्यात, ‘सगळं बरोबर’ सांगणाऱ्या या शब्दाची दोन अक्षरं, आणि दोन्ही चुकलेली. हे मी यांना मोठ्या कौतुकाने सांगितलं. हे म्हणाले, “ओके.”

त्या काळातली तसली बाकीची आद्याक्षरं विरून गेली. हा शब्द वाचला तो १८४०च्या निवडणुकीमुळे. अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन हे न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहूकचे. ‘ओल्ड किंडरहूक’ म्हणून त्यांच्या पाठीराख्यांनी ‘ओ. के.’ची घोषणा केली. व्हॅन ब्यूरेन पडले, घोषणा राहिली. हा सगळा माग ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने १९६०च्या दशकात काढला. तोवर लोक ग्रीकपासून चॉक्टॉपर्यंत वाटेल तिथे याचं मूळ शोधत होते. एवढ्या चिकाटीचा माणूस आमच्या घरी चार दिवस राहायला आला असता तर यांच्या ओकेचाही काही पत्ता लागला असता.

महाराष्ट्रातला प्रसार सर्वांना ठाऊक आहेच. मिक्सरच्या बुडाला ‘ओके टेस्टेड’चा कागद. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’. ते लिहिणं २०१५मध्ये राज्य सरकारने बंद करायला सांगितलं. ट्रकवाले ‘ओके’ म्हणाले असावेत, कारण ते अजून दिसतं. मग २०२२मध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर बोलले आणि गावोगाव सगळं ‘ओकेमधी’ असू लागलं. परक्या शब्दाला शब्दयोगी अव्यय चिकटलं की तो आपल्या पंगतीला बसला, असं व्याकरणाने खुशाल समजावं.

आता समानार्थी शब्द. ‘चालेल’ म्हणजे मनात वेगळंच होतं, पण भांडायची ताकद नाही. ‘ठीकाय’ म्हणजे भांडण झालेलं आहे, तुम्हाला अजून कळलेलं नाही. ‘बरं’ एकदा आलं तर माणूस ऐकतोय, दोनदा आलं तर ऐकत नाहीये. ‘हो’चंही तेच. एरवी मराठीत द्विरुक्तीने जोर वाढतो. हळू हळू, गरम गरम, लाल लाल. होकार तेवढा दुप्पट केला की निम्मा होतो.

‘बघू’ म्हणजे नाही.

यांच्याकडे मात्र या सर्वांऐवजी एकच ओके आहे, आणि तो चढउतारांवरून ओळखावा लागतो. तुटक ‘ओक्के’ आला तर समोर मॅच चालू आहे. ‘ओ’ आणि ‘के’च्या मध्ये श्वास घेतला तर आपण सांगितलेली रक्कम डोक्यात शिरली आहे. ‘ओके ओके ओके’ म्हणजे आता पुरे कर. लेखी प्रकारात नुसता ‘के’ येतो. त्याहून आळस असेल तर अंगठा. आत्यांचं खुब्याचं हाड मोडल्याची बातमी कुटुंबाच्या ग्रुपवर आली, तिच्याखालीही यांचा अंगठा होता. आत्या अजून बोलत नाहीत.

एक नमुना जवळून पाहू. माझा मेसेज : “येताना मेथी आणा. कोवळी बघून घ्या, फुलं आलेली नको. नसेल तर पालक. शिवाय अर्धा लिटर दूध.” उत्तर : “ओके.” घरी आले ते हात हलवत. मेथी कुठाय म्हणून विचारलं तर चप्पल काढता काढता म्हणाले, “मी ओके म्हटलं होतं ना?” चेहरा इतका प्रामाणिक की क्षणभर मीच फ्रीज उघडून बघितला.

यामागचं तत्त्व ध्यानात घ्यावं. ॲपलच्या ‘लिसा’ संगणकावर सुरुवातीला बटणावर ‘डू इट’ असं होतं, म्हणजे ‘करून टाक’. चाचणीला बसवलेल्या माणसांनी ते जोडून ‘डोल्ट’ असं वाचलं आणि यंत्र आपल्याला मठ्ठ म्हणतंय म्हणून ती रागावली. मग तिथे ‘ओके’ लिहिलं. ‘करून टाक’ काढून त्या जागी ‘ओके’ बसवणं ही आमच्याकडे मी यांची स्वतंत्र प्रतिभा समजत होते.

अपवाद नोंदवणं प्रामाणिकपणाला धरून होईल. रात्री ऑफिसातून निघायला उशीर झाला की मी फक्त “ठाणं गेलं” एवढं कळवते. ‘ओके’ येतो. डोंबिवलीला उतरावं तर जिन्याखाली हे उभे, भर पावसात, माझी छत्री हातात आणि स्वतःची घरी विसरलेली. या ओकेबद्दल आमची काही तक्रार नाही. मेथी तेवढी तेव्हाही नसते.

आता पीडितांसाठी उपाय. एका मेसेजात दोन पर्याय देऊ नयेत. “मेथी की पालक?” याचं उत्तर ‘ओके’ येतं. “किती वाजता येताय?” याचंही तेच येतं. प्रश्न विचारणंच बंद करावं आणि ठराव मांडावा. “गॅलरीला जाळी बसवतेय, पैसे तुमच्या खात्यातून देते.” मॅचमधल्या शेवटच्या चार षटकांत पाठवावा, मजकूर लांब ठेवावा, आकडा मधल्या ओळीत घालावा. ओके आला की स्क्रीनशॉट काढून बहिणीला पाठवावा, म्हणजे साक्षीदार होतो. जाळी, दिवाणखान्याचे पडदे, भाचीच्या लग्नातला आहेर, सगळं असंच मंजूर झालंय.

आता यांची जुनी स्कूटर भंगारात द्यायची आहे. मजकूर लिहून तयार आहे. रविवारी फायनल आहे म्हणतात.