दोष नशिबाचा नाही, तुमचा आहे

प्रति,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे आजी-माजी पदाधिकारी,
नवी दिल्ली

महोदय,

चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैहून हे पत्र लिहितो आहे. इथल्या कारखान्यातून १९९८ पासून ह्युंदाईच्या गाड्या बाहेर पडतात. हीच कंपनी १९९९ पासून फिफाची प्रायोजक आहे. विश्वचषकाच्या मैदानाभोवती जिचं नाव झळकतं, तिच्या गाड्या आपले कामगार बनवतात. त्या मैदानात आपला पुरुष संघ मात्र आजवर एकदाही उतरलेला नाही. त्याचा जाब तुम्हालाच विचारायचा आहे.

ही कंपनी ज्या दक्षिण कोरियाची, त्याला आपण १९६२ साली जकार्तात आशियाई क्रीडा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात २-१ असं हरवलं होतं. कोरियाही तेव्हा विश्वचषकाबाहेर होता. १९५४ नंतरचा त्यांचा वनवास तब्बल ३२ वर्षं चालला. पण १९८३ मध्ये त्यांनी व्यावसायिक लीग उभी केली, ह्युंदाईसारख्या उद्योगांनी क्लब पोसले, आणि १९८६ पासून त्यांचा एकही विश्वचषक चुकलेला नाही. २०२६ धरून सलग अकरा.

आणि तुम्ही? १९५० च्या विश्वचषकाच्या पात्रता गटातल्या बाकीच्या संघांनी माघार घेतल्याने आपल्यासाठी ब्राझीलचं दार उघडं झालं होतं. तुम्ही संघ पाठवलाच नाहीत. मागाहून बूट नसल्याची कहाणी पसरली आणि तुमचा दोष खेळाडूंच्या अनवाणी पायांवर ढकलला गेला. त्याच पिढीतल्या मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, आणि भारत चौथा आला. १९६० नंतर आपल्यासाठी ऑलिंपिकही बंद झालं. आशियाई चषकात १९६४ चे उपविजेते आपण. त्यानंतर दिसलो ते १९८४ मध्ये आणि मग थेट २०११ मध्ये.

या साऱ्या काळात तुम्हाला खुर्ची तेवढी नीट सांभाळता आली. डिसेंबर २०२० मध्ये मुदत संपलेली कार्यकारिणी मे २०२२ पर्यंत हलली नाही. सर्वोच्च न्यायालयाला ती हटवावी लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिफाने महासंघाला निलंबित केलं. २०१० मध्ये केलेला पंधरा वर्षांचा व्यावसायिक करार २०२५ च्या अखेरीस संपणार, हे सही करतानाच ठाऊक होतं. तरी पुढची सोय वेळेत झाली नाही आणि देशातल्या मुख्य लीगचा हंगाम रखडला. खेळाडूंनी सराव कशासाठी करायचा?

त्याच वर्षी चाळिशीतल्या सुनील छेत्रीला निवृत्तीतून परत यावं लागलं. त्याच्यामागे गोल करणारी पिढी उभी करणं तुमचं काम होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने आपल्याला २-१ हरवलं आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दारही बंद झालं. तरीही तुमच्या आराखड्यात २०४७ पर्यंत आशियातल्या पहिल्या चारांत येण्याचं स्वप्न आहे. आज बारा वर्षांचा असलेला मुलगा तोवर निवृत्तीच्या उंबरठ्यावर असेल. त्याच्यासाठी या वर्षी काय आहे, ते सांगा.

पोरं नाहीत, असं म्हणू नका. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींच्या फुटबॉल सामन्यांना शाहू स्टेडियम भरतं. तिथलाच अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला. जुलै २०२५ मध्ये आपल्या महिला संघाने थायलंडला त्यांच्याच देशात हरवून महिलांचा आशियाई चषक गाठला. गुण आहे, जिद्द आहे, प्रेक्षक आहेत. नाही ती तुमची जबाबदारीची जाणीव.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्ह्यात तेरा, पंधरा आणि सतरा वर्षांखालच्या मुलामुलींची वर्षभर चालणारी लीग सुरू करा. प्रशिक्षक घडवण्यावर पैसा घाला आणि त्या पैशाचा हिशेब दरवर्षी लोकांसमोर ठेवा. हे जमत नसेल तर पदं सोडा. संघ हरला की प्रशिक्षक बदलतो. यापुढे पदाधिकारीही बदलले पाहिजेत.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी मराठी माणूस
इरुंगाट्टुकोट्टै, तमिळनाडू